कान्होजी आंग्रे चाचे होते का? सनदी समुद्री लुटीचा इतिहास

ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत कान्होजी आंग्रे यांचा उल्लेख वारंवार ‘चाचा’ असा येतो. मराठी इतिहासात मात्र ते मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख आहेत. एकाच माणसाला ही दोन नावे का मिळाली? उत्तरासाठी, त्या काळी समुद्रावरची कोणती लूट कायदेशीर मानली जात होती, ते पाहावे लागते.

सनद असलेली लूट

युरोपात युद्ध सुरू झाले की राजे खाजगी जहाजमालकांना शत्रूची व्यापारी जहाजे पकडण्याची सनद देत. या सनदेला ‘लेटर ऑफ मार्क’ आणि ती घेऊन निघालेल्या जहाजाला ‘प्रायव्हेटियर’ म्हणत. इंग्लंडमध्ये अशा परवानग्या तेराव्या शतकापासून दिल्या जात होत्या. पुढे या व्यवहाराला नियम आले. पकडलेले जहाज बंदरात आणून न्यायालयापुढे मांडायचे, ते शत्रूचे ठरले तर विकायचे आणि आलेला पैसा ठरलेल्या वाट्याने घ्यायचा. राजाला स्वतःचा खर्च न करता जास्तीचे आरमार मिळे, तर मालक आणि खलाशांना नफा.

हेच काम सनदेशिवाय केले तर ती चाचेगिरी. तिची शिक्षा फाशी.

ही रेघ किती पुसट होती, ते विल्यम किड या कप्तानाच्या बाबतीत दिसले. चाचे आणि फ्रेंच जहाजे पकडण्याची इंग्लंडच्या राजाची सनद त्याच्याकडे होती. १६९८ मध्ये त्याने भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ‘क्वेडा मर्चंट’ हे मालाने भरलेले जहाज पकडले. जहाजावर फ्रेंच परवाना होता, म्हणून ही पकड कायदेशीर आहे, असे त्याचे म्हणणे होते. पण खटल्याच्या वेळी ते परवाने त्याला दाखवता आले नाहीत. १७०१ मध्ये लंडनमध्ये त्याला फाशी झाली. ते कागद विसाव्या शतकात लंडनच्याच दप्तरात सापडले.

कोकण किनाऱ्यावरचा दस्तक

अरबी समुद्रात परवान्याची पद्धत पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच लादली होती. त्यांचा ‘कार्ताझ’ नसलेले जहाज ते जप्त करत. कान्होजींनी कोकण किनाऱ्यावर तोच नियम मराठ्यांच्या नावाने लावला. या पाण्यातून जायचे तर त्यांचा दस्तक घ्यायचा, नाहीतर त्यांच्या गुराबा आणि वल्ह्यांची चपळ गलबते जहाज ओढून कुलाबा किंवा विजयदुर्गाला नेत.

कंपनीला हा हक्क मान्य नव्हता. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची नौकाही कान्होजींच्या हाती लागली. पुढच्या वर्षी तह झाला आणि कंपनीच्या जहाजांना त्रास न देण्याचे कान्होजींनी मान्य केले. मग वाद उरला तो देशी व्यापाऱ्यांच्या मालाचा. इंग्रजी निशाणाखाली तो नेला तर तो कंपनीचा मानायचा की नाही? संघर्ष पुन्हा पेटला. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाबा, असे तीन हल्ले इंग्रजांनी केले. तिन्ही फसले.

मग कान्होजी नेमके कोण?

ते चाचे नव्हते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने ते ताराबाईंचा पक्ष सोडून छत्रपती शाहूंकडे आले आणि शाहूंनी सरखेलपद त्यांच्याकडे कायम केले. युरोपीय अर्थाने ते प्रायव्हेटियरही नव्हते. प्रायव्हेटियर म्हणजे युद्धापुरता सनद घेतलेला खाजगी जहाजमालक. कान्होजींकडे किल्ले, मुलूख आणि कायमचे आरमार होते. ते बरेच स्वतंत्रपणे वागत, पण त्यांचा अधिकार राज्याचा होता.

‘चाचा’ या शब्दाने नेमका हाच अधिकार नाकारला जाई. कंपनीने त्यांच्याशी तह केला, म्हणजे व्यवहारात तो अधिकार तिलाही मानावा लागला होता.

शेवट

कान्होजी १७२९ मध्ये वारले. पुढे त्यांचे पुत्र तुळाजी आणि पेशवे यांच्यात वैर वाढले. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांशी करार केला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. तिथे नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. किल्ल्यात सापडलेली सुमारे १० लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. वाटे कसे करायचे, हे मोहिमेवर निघण्यापूर्वीच मुंबईत ठरले होते. मित्र म्हणून आलेल्या पेशव्यांना त्यात काही मिळाले नाही, आणि कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकणारे सर्वांत मोठे मराठी आरमार संपले.

बरोबर १०० वर्षांनी, १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने युरोपातील प्रमुख सत्तांनी सनदी लूट बंद केली. अमेरिकेने त्यावर सही केली नाही. अशा सनदा देण्याचा अमेरिकी काँग्रेसचा अधिकार तिथल्या राज्यघटनेत आजही लिहिलेला आहे.