तळटीप : स्कॉट्समधील 'ना' आणि 'ने'
'कॅना' (करू शकत नाही), 'डिना' (करत नाही) ही स्कॉट्स भाषेतील रूपे सहाय्यक क्रियापदाला 'ना' हा नकारदर्शक प्रत्यय जोडून सिद्ध होतात. रॉबर्ट बर्न्स यांच्या १७८६च्या किल्मार्नॉक आवृत्तीत हाच 'ना' आढळतो, तर एडिंबरा-ग्लासगो पट्ट्यातील आजच्या बोलीत त्याचा उच्चार 'ने' असा होतो. पूर्वी तो मुख्य क्रियापदालाही लागत असे, जसे 'केना' (ठाऊक नाही). मराठीतील 'जाईना', 'करीना' यांची घडण याच्याशी मिळतीजुळती आहे. प्रश्नार्थक वाक्यात मात्र हा प्रत्यय सहसा येत नाही आणि कर्त्यानंतर सुटा 'नो' योजला जातो : 'कॅन यी नो कम?', म्हणजे 'तुला येता येणार नाही का?' प्रस्तुत आवृत्तीत ही रूपे मुळाबरहुकूम ठेवली आहेत.