कापसाचा भाव आणि मराठी समीक्षेतील कालखंड

'जागतिकीकरण' हा शब्द मराठी समीक्षेत बहुधा कालखंडाचे नाव म्हणून योजला जातो. जुलै १९९१ मधील आर्थिक धोरणबदल ही सीमारेषा मानावी आणि तिच्या अलीकडील लेखनाला 'नव्वदोत्तरी' म्हणावे, ही प्रथा आता रूढ झाली आहे. अशा नामाभिधानाची सोय नाकारण्याचे कारण नाही. मात्र या सोयीबरोबर एक गृहीतकही नकळत स्वीकारले जाते. १९९१ पूर्वी येथील समाज, विशेषतः ग्रामीण समाज, जागतिक बाजाराच्या बाहेर आपल्या स्वतंत्र आवारात नांदत होता आणि ते आवार त्या वर्षी मोडले, असे ते गृहीतक होय. महाराष्ट्रातील कापसाचा इतिहास त्याला आधार देत नाही. तो इतिहास ध्यानात घेतला तर शेतकरीजीवनावरील मराठी लेखनाचे वाचनही बदलावे लागेल, असे येथे मांडावयाचे आहे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या कारभाराखाली आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेखेरीज दुसरीकडून कापूस हवा होता. काळ्या मातीचा हा प्रदेश त्यासाठी उपयुक्त होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव भडकले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांच्या भोवती शेअरांचा सट्टा उभा राहिला, समुद्र हटवून जमीन करण्यासाठी कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले. भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या आणि बँक ऑफ बॉम्बेही पुढे मोडीत निघाली. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. तेजी ओसरली, पण ज्या मार्गांनी ती आली होती ते मार्ग कायम झाले. शेतातील पिकाचा भाव शेताबाहेर, किंबहुना देशाबाहेर, ठरण्याची व्यवस्था अशी एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाली होती.

मे १८७५ मध्ये सुपे येथे सुरू झालेल्या आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. हा मुलूख कापसाचा प्रमुख प्रदेश नव्हे. त्यामुळे दंग्यांचे मूळ थेट कापसाच्या भावात शोधणे अतिसुलभीकरण ठरेल, आणि या प्रश्नावर इतिहासकारांत मतभेदही आहेत. तथापि तेजीच्या वर्षांत सैल झालेली पत मंदीत आवळली गेली आणि त्याच सुमारास शेतसारा वाढवला गेला, हा संदर्भ चौकशी आयोगापुढेही होता. येथे लक्षणीय बाब अशी की जाळला गेला तो सावकाराचा कागद. त्या कागदामागील बाजार जाळता येण्याजोगा नव्हता, कारण तो गावात दिसतच नव्हता.

म. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. भटकामगार, कुलकर्णी, सावकार, गोरे अधिकारी ही त्यातील प्रतिपक्षाची दृश्य माणसे आपल्या समीक्षेने नीट हेरली आहेत. परंतु शेतसारा, जंगलखात्याचे निर्बंध आणि यंत्रावर तयार झालेल्या विलायती मालाने इकडील कारागिरांवर आणलेली उपासमार यांचाही हिशेब जोतीराव त्याच दमात मांडतात. दृश्य शोषक आणि अदृश्य व्यवस्था यांना एकाच संहितेत आणणे त्यांना शक्य झाले, याचे एक कारण निबंध या प्रकारात आहे. निबंधाला युक्तिवाद करता येतो. जे गावात घडत नाही त्याचेही नाव घेता येते. पुढील ग्रामीण कथा-कादंबरीने या वारशातील एकच बाजू प्रामुख्याने स्वीकारली. सावकार, पाटील, तलाठी, भाऊबंदकी आणि अवर्षण ही दुःखाची कारणे झाली. भाव मात्र पावसासारखा, निसर्गक्रमाने यावा तसा, कथेत येत राहिला. वास्तववादाने वास्तवाची सीमा गावाच्या वेशीशी आणून ठेवली, असे म्हणता येईल.

१९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने भावाला काही काळ एक चेहरा दिला, तो शासनाचा. हे संरक्षण निर्दोष नव्हते. शासनच शेतमालाचे भाव पाडते, अशी शेतकरी संघटनेची मांडणी होती आणि शरद जोशी यांनी डंकेल प्रस्तावाचे स्वागत केले ते त्याच भूमिकेतून. खुल्या बाजाराची मागणी शेतकऱ्यांच्याच एका मोठ्या चळवळीतून आली, ही वस्तुस्थिती जागतिकीकरणाकडे केवळ आक्रमण म्हणून पाहणाऱ्यांनी टाळता कामा नये. पण १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाल्यानंतर जो बाजार प्रत्यक्षात आला तो खुला नव्हता. २००१-०२ मध्ये कापसाचा जागतिक भाव जवळपास तीस वर्षांतील नीचांकाला गेला, तेव्हाही अमेरिका आपल्या उत्पादकांना भरघोस अनुदाने देत होती. ब्राझीलने त्याविरुद्ध तक्रार केली आणि २००५ मधील अपिलाचा निर्णयही तिच्याच बाजूने लागला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये हाच प्रश्न मांडला होता. महाराष्ट्रातील एकाधिकार खरेदी याच सुमारास संपुष्टात आली. १९९१ नंतर बदलले ते हे: जगाशी असलेला संबंध जुनाच होता, मधला आडोसा निघाला.

गिरणगावाचा दाखलाही 'नव्वदोत्तरी'च्या चौकटीत बसत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा संप १९९१ च्या नऊ वर्षे आधीचा आहे. जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) त्या संपानंतरच्या कुटुंबाचे नाटक आहे. त्यात मालक रंगमंचावर येत नाही. घरातली माणसे एकमेकांवरच उलटतात. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) मध्येही उच्चशिक्षित आणि बेकार एकनाथचा संताप बाप, बायको, भाऊ यांच्यातच फिरत राहतो. दोन्ही कृतींतील कलह कौटुंबिक वास्तवाचे चित्रण म्हणून वाखाणले जातात, आणि ते योग्यच आहे. मात्र तेवढ्यावर थांबले तर प्रतिपक्षाची अनुपस्थिती हा संहितेचा घटक आहे, हे निसटते. शत्रू समोर नसला की क्रोध घरात वळतो. ही या कृतींची केवळ आशयसामग्री नव्हे, तर रचनातत्त्व आहे.

म्हणून शेतकऱ्याच्या आत्महत्येचे उल्लेख मोजून एखादी कादंबरी 'जागतिकीकरणाची' ठरवणे अपुरे आहे. या कृतीत भाव कोण ठरवतो, त्याचे नाव घेण्याची सोय निवेदकाला आहे काय, आणि नसल्यास तो भार कोणत्या पात्राच्या अंगावर पडतो, हे विचारावे लागेल. अन्यथा आपली समीक्षाही १८७५ मधील त्या जमावाप्रमाणे हाती लागलेला कागदच तेवढा पाहील. त्या जमावाला दुसरा मार्ग नव्हता, समीक्षेला आहे.