वेब होस्टिंगचे कंट्रोल पॅनेल कसे निवडावे?

सर्व्हरवरील नित्याची कामे ब्राउझरमधून करता यावीत यासाठी जी आज्ञावली बसवली जाते, तिला कंट्रोल पॅनेल म्हणतात. डोमेन जोडणे, ईमेल खाती उघडणे, डेटाबेस तयार करणे, एसएसएल प्रमाणपत्र बसवणे, बॅकअप घेणे ही कामे तिच्यामुळे लिनक्सच्या आज्ञा ठाऊक नसतानाही करता येतात. मात्र त्यासाठी पॅनेलला सर्व्हरचे सर्वोच्च, म्हणजे ‘रूट’ अधिकार द्यावे लागतात. सर्व्हरवर दहा संकेतस्थळे असोत वा शंभर, सर्वांच्या किल्ल्या एकाच ठिकाणी येतात. म्हणून केवळ सुविधांची यादी न पाहता खर्च, सुरक्षितता आणि स्थलांतराची सोय या तीन कसोट्यांवर पॅनेलची निवड करणे हितावह ठरते.

प्रचलित पर्याय

१९९६ मध्ये आलेले ‘सी-पॅनेल’ सामायिक होस्टिंगच्या ग्राहकांना विशेष परिचित आहे. ग्राहक आपले खाते सी-पॅनेलमधून हाताळतो, तर सर्व्हरचा व्यवस्थापक ‘डब्ल्यूएचएम’ या त्याच्या जोडभागातून सर्व खात्यांवर नियंत्रण ठेवतो. सी-पॅनेल लिनक्सवर चालते. ‘प्लेस्क’ लिनक्स आणि विंडोज या दोन्ही प्रणालींवर चालते. त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानावर उभारलेल्या संकेतस्थळांसाठी त्याचा विचार करावा लागतो. ‘डायरेक्टॲडमिन’ तुलनेने हलके आहे. ही तिन्ही पॅनेल सशुल्क आहेत. विनामूल्य व मुक्त स्रोत पर्यायांमध्ये वेबमिनवर आधारित ‘व्हर्च्युअलमिन’, एकाच ठिकाणाहून अनेक सर्व्हर हाताळणारे ‘आयएसपीकॉन्फिग’ आणि डेबियन व उबुंटूवर चालणारे ‘हेस्टिया’ यांचा समावेश होतो.

खर्च

सशुल्क पॅनेलचा आजचा दर पाहणे पुरेसे नाही. दर कोणत्या एककावर आकारला जातो, हेही पाहावे लागते. सी-पॅनेलचा परवाना पूर्वी प्रत्येक सर्व्हरमागे होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो खात्यांच्या संख्येशी जोडण्यात आला आणि १, ५, ३० व १०० खात्यांचे टप्पे ठरवण्यात आले. एका सर्व्हरवर शेकडो लहान ग्राहक सांभाळणाऱ्या व्यावसायिकांचे गणित त्यामुळे बिघडले. त्यानंतरही दर वाढत गेले. विनामूल्य पॅनेलमध्ये परवान्याचे पैसे वाचतात, परंतु अडचण आल्यास ती सोडवणारी जाणकार व्यक्ती स्वतःकडेच असावी लागते. स्मरणशक्तीचाही हिशेब करावा. ईमेलमधील व्हायरस तपासणारी ‘क्लॅमएव्ही’ ही आज्ञावली एकटीच एक जीबीहून अधिक रॅम घेऊ शकते.

सुरक्षितता

पॅनेलमधील एका त्रुटीची किंमत सर्व्हरवरील प्रत्येक संकेतस्थळाला मोजावी लागते. २०१८ मध्ये ‘व्हेस्टा’ या विनामूल्य पॅनेलच्या इन्स्टॉलेशन आज्ञावलीतच हल्लेखोरांनी फेरफार केल्याचे उघड झाले. नव्या सर्व्हरचे पासवर्ड परस्पर बाहेर जात होते आणि बाधित सर्व्हर इतरांवरील हल्ल्यांसाठी वापरले गेले. हेस्टिया ही याच व्हेस्टाची पुढे स्वतंत्रपणे विकसित झालेली शाखा होय. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सायबरपॅनेल’मधील त्रुटींमुळे लॉग-इन न करताही सर्व्हरचा ताबा घेता येत होता. त्या वेळी वीस हजारांहून अधिक सर्व्हर महाजालावर उघडे होते आणि त्यांपैकी अनेकांवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला.

त्यामुळे पॅनेलच्या सुधारित आवृत्त्या किती नियमितपणे येतात, दुहेरी पडताळणीची सोय आहे का आणि लॉग-इन ठरावीक आयपी पत्त्यांपुरते मर्यादित ठेवता येते का, हे आधी तपासावे. पॅनेल ज्या प्रणालीवर चालते तिची मुदतही पाहावी. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपल्यावर अनेकांना सर्व्हर बदलावे लागले. भारतातील सेवापुरवठादारांना ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. पॅनेल त्या आधीच पुसून टाकत नाही ना, याची खात्री करावी.

स्थलांतर

पॅनेलमध्ये प्रवेश करण्यापूर्वीच बाहेर पडण्याचा मार्ग पाहून ठेवावा. प्लेस्क, डायरेक्टॲडमिन आणि व्हर्च्युअलमिन यांमध्ये सी-पॅनेलवरील खाती आणण्याची सोय आहे. तथापि सी-पॅनेलच्या ग्राहकाला स्वतःच्या खात्याचा पूर्ण बॅकअप उतरवून घेता आला, तरी तो स्वतः पुन्हा चढवता येत नाही. त्यासाठी सर्व्हरच्या व्यवस्थापकाची मदत लागते. म्हणून फाइल्स, डेटाबेस आणि ईमेल यांच्या स्वतंत्र प्रती दुसऱ्या ठिकाणी ठेवाव्यात. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत डेटाबेस परत चढवल्यावर देवनागरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत नाहीत ना, हे चाचणी घेऊन पाहणे अगत्याचे आहे. वर्णसंचाची मांडणी चुकल्यास असे घडते.

निवड कोणी काय करावी?

एकच संकेतस्थळ असलेल्या संस्थेने स्वतः सर्व्हर चालवण्यापेक्षा सेवापुरवठादार देत असलेले पॅनेल वापरणे सोयीचे. अनेक ग्राहक असलेल्या व्यावसायिकाने खात्यांच्या संख्येनुसार तीन वर्षांचा परवाना-खर्च मांडून मग निर्णय घ्यावा. लिनक्सचा सराव असलेल्यांना मुक्त स्रोत पॅनेल पुरेसे ठरते. कोणतीही निवड केली, तरी एका चाचणी संकेतस्थळाचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या सर्व्हरवर पूर्णपणे उभा करून पाहावा आणि त्यानंतरच खरी संकेतस्थळे त्या पॅनेलच्या स्वाधीन करावीत.