नाताळचा कागदी तारा : अर्थ, परंपरा आणि बांधणी

नाताळच्या दिवसांत ख्रिस्ती घराच्या ओसरीवर किंवा खिडकीत टांगला जाणारा प्रकाशमय तारा हे प्रभुजन्माच्या सणाचे सर्वपरिचित चिन्ह होय. बांबूच्या कामट्या, सुतळी, खळ आणि पतंगाचा कागद एवढ्या साहित्यावर तो घरच्या घरी सिद्ध होतो. अलीकडे तयार प्लास्टिकचे तारे मुबलक व स्वस्त मिळत असल्यामुळे ही गृहकला मागे पडत चालली आहे. म्हणूनच तिचा अर्थ, तिची परंपरा व तिची कृती येथे एकत्र दिली आहे.

धर्मग्रंथातील आधार

ताऱ्याचा वृत्तान्त फक्त संत मत्तयच्या शुभवर्तमानात (२:१-१२) येतो. पूर्वेकडील ज्ञानी लोकांनी तारा पाहिला, ते यरुशलेमेस आले आणि पुढे बेथलेहेमात तो तारा बालक होते त्या ठिकाणावर येऊन थांबला. याकोबातून तारा उदय पावेल, हे बलामाचे भाकीत गणना या ग्रंथात (२४:१७) आहे. ताऱ्याला टोके किती होती किंवा ज्ञानी लोक किती होते, हे संत मत्तय सांगत नाही. पाच टोके ही कारागिराची सोय आहे, तर तीन ही संख्या तीन दानांवरून रूढ झाली आहे.

एक बाब मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. गव्हाणीचा उल्लेख संत लूक करतो. संत मत्तयच्या वृत्तान्तात ज्ञानी लोक ‘घरात’ गेले आणि त्यांना मरियेजवळ बालक दिसले, असे म्हटले आहे. म्हणजे तारा थांबला तो एका घरावर. आपल्या घरावर तारा टांगणे म्हणजे ‘येथे प्रभू आहे, आत या’ असे येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगणे होय.

परंपरा

इ.स. १२२३ मध्ये संत फ्रान्सिस असिसीकर यांनी ग्रेच्चो येथे गव्हाणीचा देखावा उभा केला आणि नाताळच्या गोठ्याच्या परंपरेस चालना मिळाली. त्याच ग्रेच्चो येथे १ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी गोठ्याचा अर्थ विशद करणाऱ्या पत्रावर स्वाक्षरी केली व घराघरांत गोठा करण्याची प्रथा जपण्याचे आवाहन केले.

कागदी ताऱ्याचा उगम असा एका ठिकाणी दाखविता येत नाही. जर्मनीतील नीस्की येथे मोरावियन पंथाच्या शाळेत इ.स. १८३० नंतरच्या दशकात भूमितीच्या अभ्यासातून अनेक टोकांचा कागदी तारा तयार झाला. फिलिपिन्स या कॅथलिक देशात बांबू व कागदाचा ‘पारोल’ नावाचा तारा-कंदील प्रसिद्ध आहे. तेथे १६ ते २४ डिसेंबर या काळात पहाटेच्या मिस्सा होतात, त्यांच्याशी हा कंदील जोडलेला आहे. आपल्याकडील ताऱ्याचे नाते दिवाळीच्या आकाशकंदिलाशी आहे. कामट्या त्याच, खळ तीच, कागदही तोच. शेजारधर्मातून आलेली ही कला ख्रिस्ती श्रद्धेने आपल्या चिन्हासाठी वापरली.

बांधणी

साहित्य : ६० सेंटीमीटर लांबीच्या १० कामट्या, १२ सेंटीमीटरचे ५ आखूड तुकडे, सुती दोरा अथवा बारीक सुतळी, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ. कामट्या चाकूने तासून गुळगुळीत कराव्यात, नाहीतर कूस बोटात जाते व कागदही फाटतो. हे काम मोठ्यांनीच करावे.

१) प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटीमीटरवर खूण करावी. मधला भाग १४ सेंटीमीटरचा राहतो. पाच कामट्या एकमेकींत अडकवून पाच टोकांचा तारा मांडावा. खुणा जुळल्या की आकार आपोआप बरोबर येतो. टोके व पाचही छेद घट्ट बांधावेत.

२) याच मापाचा दुसरा तारा करावा. दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून फक्त पाच टोके एकत्र बांधावीत.

३) समोरासमोरच्या पाच छेदांमध्ये आखूड तुकडे उभे बसवून बांधावेत. आता ताऱ्याला पोट येते.

४) कागदाचे एकूण २२ तुकडे लागतात : पुढच्या-मागच्या पाकळ्यांचे १० त्रिकोण, कडांचे १० अरुंद त्रिकोण आणि मधले २ पंचकोन. प्रत्येक तुकड्यास चारही अंगांनी १ सेंटीमीटर जादा कागद ठेवून तो कामटीभोवती दुमडून चिकटवावा. मागचा पंचकोन एकाच बाजूने चिकटवावा. तेथून दिवा आत सोडता येतो.

५) खळ पूर्ण वाळल्यावर खालच्या दोन टोकांना कागदी झिरमिळ्या लावाव्यात.

खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. ते विषारी असल्याने मुले हात लावणार असतील तर वापरू नये. ताऱ्यात मेणबत्ती किंवा पणती ठेवू नये. लहान एलईडी दिवा लावावा, तो कागदास टेकणार नाही असा टांगावा आणि वायरीचे जोड उघडे ठेवू नयेत. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कागद व बांबू या दृष्टीनेही उचित ठरतात.

उपासनेशी मेळ

आगमनकाळ २२ ते २८ दिवसांचा असतो. हा प्रतीक्षेचा काळ असल्याने वेदीवरील पुष्परचनेतही संयम राखावा, असे ख्रिस्तसभा सांगते. घरातही हा क्रम पाळता येतो. आगमनकाळातील रविवारी थोडे थोडे काम करावे : पहिल्या रविवारी कामट्या, दुसऱ्या रविवारी सांगाडा, तिसऱ्या रविवारी कागद. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी घरातील सर्वांत लहान मुलाने मत्तयचा वरील उतारा वाचावा आणि मग दिवा लावावा. नाताळचा काळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. तोपर्यंत तारा उतरवू नये.

शोकाकुल घरांविषयी

वर्षभरात मृत्यू झालेल्या काही घरांत तारा लावला जात नाही. शोकाचा आदर राखलाच पाहिजे. मात्र तारा हे केवळ मौजेचे साधन नाही. अंधारात चालणाऱ्यांना तो दिसला, हीच त्याची कथा आहे. अशा घरी ख्रिस्तसभेची कोणतीही मनाई नाही. त्या कुटुंबाची इच्छा असल्यास शेजाऱ्यांनी झिरमिळ्यांविना एक साधा पांढरा तारा करून द्यावा आणि तो टांगताना त्यांच्याबरोबर मृतात्म्यासाठी प्रार्थना करावी.

विकतचा तारा पाच मिनिटांत लागतो. घरच्या ताऱ्यासाठी आजोबांना कामटी तासावी लागते, आईला खळ शिजवावी लागते आणि मुलांना खळ वाळेपर्यंत थांबावे लागते. थांबायला शिकणे हाच आगमनकाळाचा धडा आहे. यंदा प्रत्येक कुटुंबाने निदान एक तारा आपल्या हातांनी करावा आणि त्याच्या उजेडात प्रभूचे स्वागत करावे.