इंटरनेटच्या पडद्यावर स्वतंत्र चित्रपट

निर्मितीपासून वितरणापर्यंत बदललेल्या वाटांचा आढावा

- प्रतिनिधी

चित्रपट तयार करणे ही एक गोष्ट आणि तो प्रेक्षकांपर्यंत नेणे ही दुसरी. पहिली गोष्ट जिद्दीच्या आणि मित्रमंडळींच्या बळावर पार पडते. दुसऱ्या टप्प्यावर मात्र भलेभले दिग्दर्शक हात टेकतात. मोठा स्टुडिओ किंवा बडा वितरक पाठीशी नसलेल्या अशा चित्रपटांना ‘स्वतंत्र’ किंवा ‘इंडी’ चित्रपट म्हटले जाते. गेल्या पंचवीसेक वर्षांत इंटरनेटने या चित्रपटांसाठी पैसा उभारण्याच्या, प्रसिद्धीच्या आणि प्रदर्शनाच्या नव्या वाटा खुल्या केल्या. मात्र, या वाटांवरही नाके आहेत आणि तेथे द्यावी लागणारी किंमत अनेकदा पैशांत नव्हे, तर हक्कांत मोजली जाते.

जुनी साखळी

निर्माता, वितरक आणि चित्रपटगृहाचा मालक अशी ही पारंपरिक साखळी. फिल्मच्या काळात प्रत्येक चित्रपटगृहासाठी स्वतंत्र प्रिंट काढावी लागे. तो खर्च न झेपणारे चित्रपट महोत्सवांतील एक-दोन खेळांनंतर डब्यात पडून राहत. २००५ च्या सुमारास भारतात उपग्रहाद्वारे चित्रपटगृहांपर्यंत डिजिटल प्रत पोहोचवण्याची सोय झाली आणि प्रिंटचा खर्च आटोक्यात आला. परंतु कोणता चित्रपट किती पडद्यांवर आणि कोणत्या वेळी लागणार, हा निर्णय पूर्वीच्याच हातांत राहिला. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइमचा खेळ मिळावा, यासाठी २०१५ मध्ये राज्य सरकारला हस्तक्षेप करावा लागला, यावरून या अडचणीची कल्पना यावी.

प्रसिद्धीचा पहिला धडा

इंटरनेटची ताकद चित्रपटसृष्टीला प्रथम जाणवली ती १९९९ मध्ये, ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या अमेरिकी भयपटामुळे. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या नवख्या दिग्दर्शकांनी अत्यल्प खर्चात तो चित्रित केला होता. मेरीलँडच्या जंगलात तीन विद्यार्थी बेपत्ता झाले आणि त्यांनी केलेले चित्रीकरण नंतर सापडले, अशी त्याची कल्पना. ही घटना खरीच असल्याचे भासवणारे संकेतस्थळ त्यांनी प्रदर्शनाआधीच सुरू केले आणि कुतूहल वाऱ्यासारखे पसरले. चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. अर्थात, सनडान्स महोत्सवात हा चित्रपट एका वितरण कंपनीने विकत घेतला होता आणि तो चालला चित्रपटगृहांतच. इंटरनेटने प्रसिद्धी बदलली होती. वितरण अजून बदलायचे होते.

ती पायरी पुढे ‘फोर आइड मॉन्स्टर्स’ने ओलांडली. सुझन ब्यूस आणि एरिन क्रमली या जोडीचा हा चित्रपट २००५ मध्ये स्लॅमडान्स महोत्सवात दाखवला गेला. पण मनासारखा वितरक मिळाला नाही. तेव्हा दोघांनी चित्रपटामागची धडपड सांगणारी छोट्या भागांची मालिका इंटरनेटवर सुरू केली. आपल्या शहरात खेळ व्हावा असे वाटणाऱ्या प्रेक्षकांनी संकेतस्थळावर नोंद करायची आणि पुरेशी मागणी दिसली की तेथील चित्रपटगृहाशी बोलणी करायची, अशी त्यांची रीत होती. २००७ मध्ये त्यांनी संपूर्ण चित्रपटच यूट्यूबवर ठेवला. यूट्यूब सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

वर्गणीतून चित्रपट

लोकवर्गणीतून चित्रपट काढण्याची कल्पना भारताला नवी नाही. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. इंटरनेटमुळे अनोळखी माणसांकडूनही अशी वर्गणी गोळा करणे शक्य झाले. अमेरिकेत ‘इंडीगोगो’ (२००८) आणि ‘किकस्टार्टर’ (२००९) ही संकेतस्थळे सुरू झाली. भारतात ओनिर यांनी ‘आय अ‍ॅम’साठी सोशल नेटवर्किंगच्या माध्यमातून चारशेहून अधिक लोकांना सहभागी करून घेतले. या चित्रपटाला पुढे सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सर्वाधिक चर्चा झाली ती पवन कुमार यांच्या ‘लुसिया’ या कन्नड चित्रपटाची. निर्माते मिळेनात, तेव्हा त्यांनी आपली व्यथा ब्लॉगवर मांडली. वाचकांचा प्रतिसाद पाहून त्यांनी थेट प्रेक्षकांनाच आवाहन केले आणि २७ दिवसांत ११० जणांकडून सुमारे ५० लाख रुपये उभे राहिले. २०१३ मध्ये लंडन इंडियन फिल्म फेस्टिव्हलमध्ये प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार पटकावून ‘लुसिया’ त्याच वर्षी प्रदर्शित झाला. नंतर त्याचा तमिळ अवतारही आला. येथे प्रेक्षक हाच गुंतवणूकदार होता आणि प्रदर्शनापूर्वीच चित्रपटाचा प्रचारकही.

सीतेची कथा, गाण्यांचा गुंता

वितरणाचा सर्वांत वेगळा प्रयोग मात्र रामायणाशी नाते सांगणाऱ्या एका अ‍ॅनिमेशनपटाचा आहे. ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ हा ८२ मिनिटांचा चित्रपट अमेरिकी व्यंगचित्रकार नीना पेली यांनी जवळपास एकटीने, घरच्या संगणकावर तयार केला. स्वतःच्या मोडलेल्या लग्नाची हकीकत आणि सीतेची कथा त्यांनी एकत्र गुंफली. सीतेच्या तोंडी त्यांनी अ‍ॅनेट हॅनशॉ या गायिकेची १९२० च्या दशकातील गाणी घातली. २००८ मध्ये बर्लिन महोत्सवात चित्रपट दाखवला गेला आणि आन्सी येथील अ‍ॅनिमेशन महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कारही मिळाला.

अडचण उभी राहिली ती गाण्यांपाशी. गायिकेच्या ध्वनिमुद्रणांचा प्रश्न फारसा नव्हता. मात्र गाण्यांच्या शब्दांचे व चालींचे हक्क अजूनही कंपन्यांकडे होते. त्यांनी सुरुवातीला सुमारे दोन लाख २० हजार डॉलरची मागणी केली. वाटाघाटींनंतर ही रक्कम ५० हजारांवर आली आणि पेली यांनी कर्ज काढून ती भागवली. त्यानंतर त्यांनी, २००९ मध्ये, संपूर्ण चित्रपट ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली इंटरनेटवर मोफत खुला केला. कोणीही तो उतरवून घ्यावा, दाखवावा, त्याच्या प्रती वाटाव्यात. देणग्या, डीव्हीडी आणि चित्रपटाशी निगडित वस्तूंच्या विक्रीतून उत्पन्न मिळत राहिले. २०१३ मध्ये तर त्यांनी स्वतःचे उरलेले हक्कही सोडून दिले.

हा मार्ग प्रत्येकाला परवडणारा नाही. कलाकार व तंत्रज्ञांचे मानधन द्यायचे असलेल्या निर्मात्याने चित्रपट फुकट वाटावा, अशी अपेक्षा करता येणार नाही. तरीही एक गोष्ट या उदाहरणातून ठळकपणे पुढे आली. प्रत पोहोचवण्याचा खर्च जवळपास शून्यावर आला असला, तरी हक्कांचा खर्च तसाच आहे.

नवे दरवाजे, नवे द्वारपाल

जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले. त्याच वर्षी मोबाइल डेटाचे दर झपाट्याने उतरले. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१५ मध्ये चित्रपटगृहांत लागला होता. त्यांचा ‘द डिसायपल’ मात्र व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळवून २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. शास्त्रीय गायकाच्या आयुष्यावरील हा मराठी चित्रपट एकाच वेळी अनेक देशांतील घरांत पोहोचला. दुसरीकडे ‘भारतीय डिजिटल पार्टी’ने (भाडिपा) २०१६ पासून यूट्यूबवर मराठी कार्यक्रमांचा स्वतःचा प्रेक्षक घडवला.

परंतु वितरकाची जागा येथे वेगळ्या यंत्रणेने घेतली आहे. यूट्यूब नेहमीच्या व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील ५५ टक्के वाटा निर्मात्याला देते. पण कोणता व्हिडिओ कोणासमोर आणायचा, हे कंपनीची गणिती प्रणाली ठरवते. सशुल्क व्यासपीठे चित्रपट विकत घेतात तेव्हा रक्कम हाती पडते. मात्र तो नेमका किती जणांनी पाहिला, याचा पूर्ण हिशेब निर्मात्याला क्वचितच मिळतो. आणि व्यासपीठाने नकार दिलेल्या चित्रपटाला तिकीटबारीवर दाद मागण्याचीही सोय राहत नाही.

परीक्षण आणि चाचेगिरी

चित्रपटगृहातील प्रदर्शनासाठी सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. इंटरनेटवर थेट येणाऱ्या चित्रपटाला ते लागत नाही. म्हणूनच माहितीपटकारांना हे माध्यम मोलाचे वाटते. आनंद पटवर्धन यांचा ‘विवेक’ हा माहितीपट २०१९ मध्ये केरळमधील महोत्सवात दाखवण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले; त्याच वर्षी तो यूट्यूबवर भागाभागांत उपलब्ध होता. मात्र, फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ऑनलाइन व्यासपीठांनाही वयोगटानुसार वर्गीकरण आणि तक्रार निवारणाची त्रिस्तरीय यंत्रणा लागू केली.

प्रत सहज पोहोचते, तशी ती सहज चोरीलाही जाते. ‘उडता पंजाब’ २०१६ मध्ये प्रदर्शनाच्या दोन दिवस आधीच इंटरनेटवर फुटला होता. २०२३ च्या सुधारित कायद्यात चित्रपटांच्या चाचेगिरीसाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. स्वतंत्र निर्मात्याला मात्र खटला चालवण्यापेक्षा चित्रपट वेळेवर आणि वाजवी दरात उपलब्ध करून देणे अधिक परवडते.

करारापूर्वी काय पाहावे?

* हक्क किती वर्षांसाठी, कोणत्या देशांसाठी आणि कोणत्या भाषांसाठी दिले जात आहेत?
* हक्क केवळ एकाच व्यासपीठाला दिले आहेत की इतरत्रही चित्रपट दाखवता येईल?
* महोत्सव, फिल्म सोसायट्या आणि महाविद्यालयांतील खेळांचे हक्क स्वतःकडे राखले आहेत का?
* चित्रपटातील गाण्यांचे शब्द, चाल व ध्वनिमुद्रण या सर्वांची लेखी परवानगी इंटरनेटवरील प्रदर्शनासाठीही घेतली आहे का?
* व्यासपीठ बंद पडले किंवा विकले गेले, तर हक्क निर्मात्याकडे परत येतील का?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. व्यासपीठांचे विलीनीकरण होते, कंपन्यांचे मालक बदलतात आणि अशा वेळी मूळ प्रत व हक्क ज्याच्या हाती असतात, त्यालाच आपला चित्रपट पुन्हा प्रेक्षकांसमोर आणता येतो.