साबुदाण्यातला 'साबू' कोण?

आषाढी जवळ आली की तो फॉरवर्ड फिरायला लागतोच. साबुदाणा कुजवून करतात, उपवासाला चालत नाही, वगैरे. खाली लगेच दुसरा गट हजर: ऋषिमुनींपासून चालत आलंय हो! मला या भांडणापेक्षा त्या शब्दाचीच गोष्ट जास्त रंगतदार वाटते.

'साबू' म्हणजे मुळात मलय भाषेतला 'सागू'. हे माडाच्या जातीतलं एक झाड. मोलुक्का बेटं, न्यू गिनी, बोर्निओ इथल्या दलदलीत वाढतं. झाड पाडायचं, खोडातला गाभा किसून पाण्यात धुवायचा, तळाशी बसतं ते पीठ. तिथल्या अनेकांचं हे रोजचं अन्न. त्याचे दाणे मलायातून जहाजांनी आपल्याकडे आले नि सागूचा साबू झाला.

गंमत अशी की आज आपण भिजत घालतो तो साबुदाणा या झाडाचा नाहीच! तो टॅपिओकाच्या कंदाचा. हा कंद दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांनी जगभर नेलेला. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ (१८८०-८५) यांनी तांदळाला जोड म्हणून त्याची लागवड वाढवली. पुढे महायुद्ध आलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं, तिकडचा माल बंद. मग १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलममध्ये या कंदापासून दाणे बनू लागले. माल बदलला, नाव तेच राहिलं.

आता ते 'कुजवणं'. कंद सोलून दळतात, त्याचं पांढरं दूध टाक्यांत निवळत ठेवतात. खाली बसलेलं ओलसर पीठ हलवून दाणे वळतात, भाजतात, उन्हात वाळवतात. निवळणं म्हणजे कुजणं नव्हे. कुठे भेसळ होत असेल तर तो कारखाना पकडा. कंद पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय कशाला?

आणि ऋषिमुनींचं म्हणाल, तर कोलंबसाच्या आधी हा कंद इकडे नव्हताच. बटाटा, मिरची, शेंगदाणे हेही तिकडचेच. खिचडीतून अमेरिका काढली तर उरतं तूप, जिरं, मीठ आणि चिमूटभर साखर. करा उपवास!

उलट नियम लावायचाच तर उपवासाला धान्य वर्ज्य, कंद चालतो. म्हणजे झाडाच्या खोडातल्या जुन्या साबुदाण्यापेक्षा हा नवाच नियमात जास्त बसतो.

फक्त सेलमच्या माणसाला त्याचं नाव विचारू नका. तमिळमध्ये साबुदाण्याला म्हणतात 'जव्वरिसी', म्हणजे जावाचा तांदूळ. अन् तांदूळ तर आपल्याला उपवासाला चालत नाही!