चार ओळींची बातमी

माझं आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. मामांचं किराणा दुकान होतं आणि तिथंच जिल्ह्याच्या एका दैनिकाची एजन्सी. जो एजंट तोच वार्ताहर, अशी तेव्हाची रीत. बातमी कागदावर उतरवायची, पाकिटात घालायची आणि शेवटच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. छापून आली तरी वर नाव नसे. 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच. मामा कातरणं खळीनं वहीत चिकटवून ठेवत. सुट्टीत आम्ही गेलो की रात्री ती वही निघे, आजी चुलीपुढून उठून येई आणि दोघं मिळून १९९२ सालचं सांगू लागत.

"भुईतनं आवाज यायचा," आजी म्हणे, "जात्यात खडा आल्यावानी. फडताळावरची भांडी खाली यायची." त्या साली ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीच्या परिसरात हादऱ्यांवर हादरे बसले. माणसं अंगणात, शेतात झोपू लागली. मामांनी त्या हिवाळ्यात सात बातम्या पाठवल्या. पहिली चांगली तीन परिच्छेद आली. सातवी चार ओळींवर आली, कारण हादरे आता रोजचेच झाले होते. पुढे काही कामानं पुण्याला जाणं झालं तेव्हा मामा ती कातरणं घेऊन एका मोठ्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसानं ती चाळली आणि परत दिली. म्हणाला, "हे तर छापून आलंय."

पावसाळा लागला तशी माणसं पुन्हा घरात आली. आमच्याकडची घरं माळवदाची. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अशा घरासारखा गारवा नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून दमलेली गावं गाढ झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि गारवा देणारी तीच माती अंगावर आली. लातूर-उस्मानाबादेत जवळपास ८,००० माणसं गेली. ५२ गावं पुरती कोसळली.

मोठ्या वर्तमानपत्रांनी मामांची बातमी पुन्हा लिहिली असती तर भूकंप टळला असता, असं मी म्हणणार नाही. तो कधी होईल हे कुणालाच सांगता आलं नसतं. तेव्हाच्या भूकंप नकाशात आमचा भाग झोन १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पण मग सुरक्षित म्हटलेली भुई सारखी का हलते, हा प्रश्न घेऊन कुणीतरी भूगर्भशास्त्रज्ञांकडे जायला हवं होतं. ही माळवदं मोठा धक्का सोसतील का, हे एखाद्या इंजिनिअरला विचारायला हवं होतं. चार ओळींत 'हादरा बसला' एवढंच मावतं. पुढचं विचारायला जागा लागते, वेळ लागतो, मुंबई-पुण्यातली ओळख लागते. मामांकडे यातलं काही नव्हतं. ज्यांच्याकडे होतं त्यांना बातमी जुनी वाटली.

भूकंपानंतर मोठ्या वर्तमानपत्रांचे वार्ताहर सगळे आले. मामा कित्येक दिवस त्यांना गावोगाव फिरवत होते. रस्ते मामांचे, ओळखी मामांच्या, माहिती मामांची. नाव मात्र कुठंच नाही. आजीची बहीण पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. घरातली पाच माणसं गेलेली. "जो येतो तो एकच इचारतो," ती आजीला म्हणाली, "किती गेले? आकडा लिवून घेतेत आन् उठतेत. घर कशापायी पडलं, ते कुणीच इचारीना." त्याही बातम्या पुन्हा पुन्हाच लिहिल्या जात होत्या. पण त्यात म्हातारीला तिचं दुःख परत परत उगाळावं लागलं आणि वाचकाला नवं काहीच कळलं नाही.

आजी दळताना ओव्या म्हणे. त्या तिच्या आईच्या, आजीच्या. पण सीतेचा वनवास सांगताना ती हळूच आपल्या सासुरवासाची एक ओळ त्यात घाली आणि जुनी ओवी तिची होऊन जाई. बातमीचंही मला तसंच वाटतं. दुसऱ्यानं लिहिलेली बातमी जरूर लिहावी, पण स्वतः त्या गावात जाऊन, स्वतःचा एक प्रश्न घेऊन. आधी ज्यानं लिहिली त्याचं नाव आदरानं छापून. निव्वळ उतरवून घेणं ही चोरी आहे आणि 'आलंय' म्हणून बाजूला सारणं हा त्याहून मोठा अपराध आहे.

२००२ च्या सुधारित नकाशात आमचा भाग झोन ३ मध्ये गेला. मामांची वही आता माझ्याकडे असते. पत्रकारितेत येणाऱ्या मुलांना मी ती दाखवतो आणि एवढंच सांगतो: तालुक्याच्या पानावरची चार ओळींची बातमी रोज वाचा. तीच ती बातमी सातव्यांदा दिसली, तर त्या दिवशी पहिली एसटी पकडा.